दाढीवाला रुपा आणि पुलाजवळची म्हातारी

आईने माझी बॅग परत उघडली तेव्हा खाली हायवेवर गाडीवाला हॉर्न मारून दमला होता. बाबांनी मच्छीवाल्या काकूंकडून हुकाचा काटा मागून आणलेला. त्याला बॅग लटकवून ते दोन्ही हातांनी वर धरायचे आणि आकडा बघून तोंड वाकडं करायचे. "जड हाय." की आई चेन उघडणार, एक वस्तू काढणार, चेन लावणार. "अजून जड हाय." की परत तेच. त्या काट्याचा बोंबलांचा वास माझ्या बॅगेला लागला तो थेट आयर्लंडपर्यंत आला, खोटं नाय सांगत.

आधी गोधडी निघाली. मग स्टीलचा मोठा डबा. मग माझी बॅडमिंटनची रॅकेट, जी मी कशाला भरली होती मलाच माहीत नव्हतं, पण आई काढते म्हटल्यावर मला ती एकदम हवीच झाली. मी भांडतेय, रडतेय, पासपोर्ट कुठे ठेवला विसरतेय, आणि आई प्रत्येक वस्तू कपाटात ठेवताना एकच म्हणतेय, "राहूदे हितं. तुझंच हाय. कुठं जातंय?"

मला तेव्हा ती नुसती कटकट वाटली.

पोलादपूर सोडलं आणि महाडच्या नाक्यावर गाडी थांबवली, कारण तिथे अम्मी उभी होती. अम्मी म्हणजे रुबीनाची आई. रुबीना म्हणजे माझी शाळेतली जोडीदारीण, जी मी निघायच्या आधीच लग्न होऊन दोहाला गेली होती. अम्मीने गाडीच्या खिडकीतून पांढऱ्या रुमालात बांधलेलं चौकोनी काहीतरी माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बॅगेत खाली दडपू नको. पायाशी तर नायच. वर ठेव." तिच्या बोलण्यावरून मला वाटलं प्रवासाची दुआ वगैरे असणार. एअरपोर्टपर्यंत मी ते मांडीवर घेऊन बसले. विमानातसुद्धा.

आयर्लंडात कॉर्कला पोचल्यावर खोलीत रुमाल सोडला. आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले की माझी हाऊसमेट बाथरूममधून साबणाच्या तोंडाने धावत आली.

आमच्या गेमची सीडी होती. आमच्या!

आता हे सगळं मी टाइप करतेय ते आपल्या ग्रुपवरच्या सगळ्यांसाठी, म्हणजे जे पोलादपूर-महाडला आहात त्यांच्यासाठी आणि जे दुबई, दोहा, डोंबिवली कुठे कुठे जाऊन बसलात त्यांच्यासाठीपण. लंचब्रेकमध्ये सुरू केलंय, ट्रेनमध्ये पुरं करीन, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण सांगायचंच आहे मला. त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

बाबा एमआयडीसीत कामाला. मी शाळेला महाडला. सकाळी एसटीने जायचं, पण संध्याकाळी बाबांची जनरल शिफ्ट सुटली की त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसून पोलादपूरला परत. शाळा सुटल्यापासून बाबा येईपर्यंत मी कुठे थांबायचं? तर बाजारपेठेत रुबीनाच्या घरी. सुरुवातीला आम्ही होमवर्क करायचो. मग रुबीनाच्या अब्बांनी कुवेतहून कॉम्प्युटर पाठवला.

तो आला तो दिवस काय सांगू! कुणीतरी गाववाला येत होता त्याच्याबरोबर आलेला, टीव्हीएवढं खोकं, आतमध्ये वापरलेला पण चकाचक कॉम्प्युटर, आणि सोबत एक सीडी. कव्हरवर दाढीवाला माणूस, हातात तलवार, मागे डोंगर, आणि सगळं लिहिलेलं अरबीत. सीडी घातल्याशिवाय गेम सुरू व्हायचा नाय. आणि गेमच्या आतमध्येपण सगळं अरबी. एक अक्षर इंग्लिश नाय.

ज्यांना असले गेम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: यात नुसती मारामारी नसते. तुमचा एक माणूस असतो, तो गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, लोक त्याला कामं सांगतात, वाटेत राक्षसांशी लढायचं, सापडेल ते झोळीत भरायचं. म्हणजे लोक काय बोलतात ते कळलं नाय तर तुम्ही गेलात कामातून. आणि आम्हाला काहीच कळत नव्हतं!

पण थांबा. रुबीनाला अरबी वाचता येत होतं. लहानपणापासून सकाळी मदरशात जायची, कुराण वाचायला शिकलेली. अर्थ नाय कळायचा, पण वाचता यायचं अगदी सुरेख. झालं मग. गेममधला कुणी बोलला की रुबीना स्क्रीनजवळ तोंड नेऊन एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचणार. "यात जेर-जबर नाय गो," अशी पहिल्या दिवशी तिची तक्रार. म्हणजे अक्षरांच्या वर-खाली खुणा असतात, त्यावरून उच्चार कळतो, त्या गेमवाल्यांनी दिल्याच नव्हत्या. "अंदाजानं वाचते, मग बोलू नको." तिने अंदाजाने वाचायचं आणि मग दोघींनी मिळून अंदाजाने अर्थ लावायचा.

आणि अम्मी! अम्मीने स्वयंपाकघरातून अरबी ऐकलं आणि हात पुसत बाहेर आली. स्क्रीन बघितली. मग आम्हाला बघितलं. मी पाय पसरून बसलेले, हातात शेंगदाण्याचा लाडू. "अक्षर कुठलं हाय बघितलं का? पाय घ्या आत. हात धुवा. डोक्यावर घ्या."

तेव्हापासून नियमच झाला. हात धुवायचे, मांडी घालून बसायचं, ओढणी डोक्यावर, मग सीडी घालायची. मीपण घ्यायची ओढणी, शाळेच्या ड्रेसची. विचार करा, दोन पोरी डोक्यावर पदर घेऊन देवळात बसल्यासारख्या बसल्यात आणि समोर तलवारीने राक्षसाची मुंडकी उडतायत. खेळून झालं की सीडी रुमालात बांधून सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे कुराण त्याच्या रेहालसकट, म्हणजे लाकडी घडवंचीसकट, ठेवलेलं असायचं, त्याच्याच शेजारी. त्यापेक्षा खालच्या फळीवर सीडी नाय ठेवू द्यायची अम्मी. अरबी लिहिलेलं असेल तर ते खजुराचं खोकंसुद्धा जमिनीवर राहायचं नाय तिच्या घरात.

आमच्या माणसाचं नाव ठेवायचं होतं. तेवढ्या एका ठिकाणी इंग्लिश टाइप व्हायचं. रुबीना म्हणाली तिचं नाव, मी म्हणाले पल्लवी. भांडण. मग दोन्हीतलं अर्धं अर्धं घेतलं आणि झाला रुपा. छातीपर्यंत दाढी, दंडावर डाग, हातात तलवार, आणि नाव रुपा. आम्हाला त्यात काहीच विचित्र वाटलं नाय.

रुपाचं गाव म्हणजे आमच्यासाठी पोलादपूर, कारण तिथून डोंगरात जायचा वळणावळणाचा रस्ता निघायचा, तो आंबेनळी घाट. बाजार असलेलं शहर ते महाड. पायपा-पायपांचं एक जंगल होतं त्याला आम्ही एमआयडीसी म्हणायचो आणि तिथे राक्षस मारताना मी ओरडायची, "बाबांची शिफ्ट सुटू दे, मग मार!" आणि उंच कड्याखालची झोपड्यांची वस्ती ती हिरकणीवाडी. तिथला एक माणूस रुपाला बघितलं की हात हलवून काहीतरी सांगत सुटायचा, आम्ही ठरवून टाकलं की हा गाइड आहे आणि गड दाखवतो म्हणून मागे लागलाय. रायगडावर सहल गेली होती ना आमची, असेच मागे लागतात.

आणि गावाच्या वेशीवर पुलाजवळ म्हातारी.

ती तिथेच बसलेली असायची, कधीपण जा. रुपा जवळ गेला की हात वर करून एक लांबलचक वाक्य बोलायची. नेहमी तेच. रुबीनाने ते इतक्यांदा वाचलं की तिला पाठ झालं, मग मलापण पाठ झालं. अर्थ? अर्थ आम्ही पहिल्याच दिवशी लावून टाकलेला. बाहेर बाबांचा हॉर्न वाजला की माझी पळापळ सुरू व्हायची, सेव्ह कर, सीडी काढ, दप्तर कुठाय, आणि त्या सगळ्यात अम्मी आतून ओरडणार, "पल्ले, जेवून जा गो!" आणि मी कधीच जेवायची नाय, कारण बाबा बाहेर थांबलेले आणि पोलादपूरला आई थांबलेली. रोज तेच. तेव्हा वेशीवर बसलेली बाई निघालेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? जेवून जा, म्हणत असणार. विषय संपला.

म्हणून रुपाने गाव सोडताना म्हातारीला भेटायचंच, हा आमचा नियम. तिचं बोलून झालं की खाली दोन बटणं यायची. एकदा वरचं दाबलं तर रुपाची झोळी उघडली आणि एक ढाल तिच्याकडे गेली! रुबीना किंचाळली, "आयला, जेवणाचे पैसे मागतेय ही! सामान काढून घेतेय!" ढाल कशीबशी परत खेचली, आणि तेव्हापासून वरच्या बटणाला हात नाय लावला. खालचं दाबायचं आणि सटकायचं.

मधे एकदा अब्बा सुट्टीवर आले. अब्बा कुवेतला गोडाऊनमध्ये होते. तिथली अरबी बोलायचे फाडफाड, पण वाचता नाय यायची. म्हणजे बघा, लेक वाचते पण समजत नाय, बाप समजतो पण वाचत नाय. दोघांना शेजारी बसवलं की काम झालं! आम्ही अब्बांना खुर्चीत बसवलं, रुबीनाने घसा साफ केला आणि वाचायला लागली. अब्बा डोळे मिटून ऐकतायत. आम्ही श्वास रोखून. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणतात, "ही पुस्तकातली अरबी हाय बाई. आमच्याकडे 'हे उचल', 'नंतर ये', 'कुठं मेलास' एवढंच चालतं."

म्हातारीच्या वाक्यावर मात्र ते जरा थांबले. "परत वाच... जड. काहीतरी जड म्हणतेय. आणि ठेव म्हणतेय."

"पोट जड होईपर्यंत जेव!" मी ओरडले.

"बिर्याणी असणार," अब्बा म्हणाले आणि अम्मीकडे बघून हसले.  मग अब्बांनी सीडीचं कव्हर हातात घेतलं आणि त्यांना मोठमोठ्याने हसायलाच आलं. मागच्या बाजूची एक ओळ त्यांना बघून ओळखता येत होती, गोडाऊनच्या खोक्यांवर रोज दिसायची. "ज्याला तू कुराणाशेजारी ठेवतेस ना, त्याच्यावर लिहिलंय, उन्हापासून लांब ठेवा." आम्ही लोळलो हसून. अम्मीपण हसली, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मग सीडी घेतली, रुमालात बांधली आणि परत वरच्याच फळीवर ठेवली. "असूदे. अक्षर तेच हाय ना."

अब्बा परत गेले. आम्ही आणि रुपा पुढे गेलो, डोंगर ओलांडून, पार शेवटच्या दारापर्यंत. मोठं दगडी दार, आणि समोर जमिनीवर पडलेली चावी. चावी कसली, अख्खी लोखंडी कांब. रुपा वाकला, हात लावला, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात एक ओळ आली. चावी तिथेच. परत हात लावला. परत लाल ओळ. रुबीनाने वाचलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"म्हणतोय, अजून वेळ नाय आली," रुबीना म्हणाली.

मला पटलं. मग आम्ही काय केलं असेल? परत फिरलो. अजून राक्षस मारले, अजून ताकद वाढवली, परत आलो. अजून वेळ नाय आली. दहावी झाली, अकरावी झाली, अजून वेळ नाय आली. आम्ही एक शपथ घेतली, कुराण-गीता नाय, नुसती एकमेकींच्या डोक्यावर हात ठेवून: हे दार उघडायचं तर दोघींनी बरोबर. एकटीने हात लावायचा नाय. म्हणजे बाकी खेळायचं, पण दार दोघींचं.

मग पुराचं वर्ष. तुम्हाला त्याचं काय सांगायचं, आपण सगळेच होतो त्यात. रुबीनाच्या घरची माणसं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती म्हणून वाचली. रस्ता सुरू झाल्याबरोबर बाबा आणि मी फावडी घेऊन महाडला गेलो. घर ओळखू येत नव्हतं, सगळं एकाच रंगाचं. मी आणि रुबीनाने टेबलाखालून कॉम्प्युटरचा डबा ओढून काढला. वाकडा केला तसा त्यातून गाळ सांडला, दाट, पिठल्यासारखा. 

"रुपा गेला गो," रुबीना म्हणाली.

हसू आलं आधी. मग नाय आलं.

भिंतीवर पाण्याची रेघ होती. सगळ्यात वरच्या फळीच्या जेमतेम खाली. फळीवर कुराण कोरडं. शेजारी रुमाल कोरडा.

त्यानंतर सगळं भराभर झालं. रुबीनाचा निकाह, दोहा. माझं केमिस्ट्री, मग मास्टर्स, मग इथली लॅब. आता मी पण शिफ्ट करते, बाबांसारखीच, फक्त मला सेफ्टी गॉगल नीट बसतात म्हणून ते जळतात. कॉर्कमध्ये नदीपण आहे, शहराच्या मधोमध, आणि पाऊस जोरात झाला की ऑफिसमधले लोक फोनवर पाण्याची पातळी चेक करतात. मी मनातल्या मनात फळी शोधते.

सीडी कुठे ठेवली? कपाटाच्या वर, अजून कुठे! हाऊसमेटने विचारलं हे काय, म्हटलं अम्मीने वर ठेवायला सांगितलंय. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाय हा भाग वेगळा.

आणि रुबीनाशी बोलणं? हे लिहायला बोटं जरा हळू चालतायत. सुरुवातीला रोज कॉल. मग आठवड्याने. मग नुसतं "काय चाललंय", "मजेत", "जेवलीस का", हसरा चेहरा, संपलं. तिचा नवरा चांगला आहे, तिला डेंटिस्टकडे रिसेप्शनला जॉब आहे, माझं पण ठीक आहे, आणि दोघींच्या ठीक असण्यात बोलायला काही उरत नव्हतं. उरला होता फक्त रुपा. कधी एकदम तिचा मेसेज यायचा, "अजून वेळ नाय आली का?" आणि मग आम्ही अर्धा तास खिदळायचो. तेवढंच शिल्लक होतं आमचं. मला ते माहीत होतं.

आणि मग ऑनलाइन सेलमध्ये मला तोच गेम दिसला. तीच दाढी, तोच डोंगर, खाली बारा भाषा. मी विचार न करता घेतला आणि इंग्लिशमध्ये सुरू केला. रुपाच नाव दिलं. फक्त म्हातारीपर्यंत जायचं, बघायचं आणि बंद करायचं असं ठरवून.

इंग्लिशमध्ये ती म्हणत होती की सामान जड झालं असेल तर माझ्याकडे ठेवून जा, परत येशील तेव्हा तुझं तुला मिळेल.

ती सामान सांभाळणारी बाई होती! वरचं बटण त्याचंच! आम्ही तिला चोर समजून शाळाभर सगळं ओझं पाठीवर घेऊन फिरलो. पहिली लाकडी तलवार, फुटक्या ढाली, अब्बा शेजारी बसले होते त्या दिवशी सापडलेलं शिंग, काही काही टाकलं नव्हतं आम्ही. आणि लाल ओळ? मला शंका आलीच. झोळीत दगड-धोंडे कोंबले आणि एका जड तलवारीला हात लावला. आली तीच लाल ओळ. तुमची झोळी भरली आहे, एवढंच. वेळ-बिळ काही नाय. झोळी भरली आहे!

मी हसले. मग लॅपटॉप बंद केला आणि मला धडकीच भरली. हे रुबीनाला सांगितलं तर? "अजून वेळ नाय आली" हे एक वाक्य होतं आमच्याकडे, ते माझ्या हातून मेलं तर उद्या आम्ही कशावर हसणार? मी नाय सांगितलं. आठवडे गेले. ती मेसेज करायची, मी खोटं खोटं हसायची.

शेवटी मीच म्हटलं, होऊन जाऊ दे. शनिवारी दुपारी तिला व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन शेअर केली, आणि भाषा मुद्दाम अरबी ठेवली. तिने रुपाला बघितलं आणि दोहाच्या फ्लॅटमध्ये किंचाळली. मग म्हणाली थांब, आणि गायब. परत आली ती हात पुसत, ओढणी डोक्यावर घेत. मी उठून हात धुऊन आले, हुडीची टोपी डोक्यावर ओढली.

रुपाला म्हातारीपाशी नेलं. ओळ आली. रुबीनाने वाचली, अगदी तशीच, घसा साफ करून.

"काय म्हणते गो?" मी विचारलं. 

तिने ओढणी सारखी केली. "म्हणते... जेवून जा."

आणि मला एकदम लख्ख कळलं. ही बाई दिवसभर दोहात दातदुखीवाल्यांशी अरबीत बोलते! हिला समजत नसेल होय! हिला कधीचं माहीत आहे, वाक्य पाठ होतं तिचं, आणि ही मला सांभाळून घेतेय.

मी माउस नेला आणि वरचं बटण दाबलं.

झोळी उघडली. लाकडी तलवार म्हातारीकडे गेली.

 मग रुबीनाचा आवाज, "पल्ले. तुला ठाऊक हाय."

"तुलापण."

"कधीपासून?"

"सेलपासून. तू?"

"दोहात आले ना, पहिल्या सहा महिन्यातच. एक पेशंट म्हणाली बॅग जड हाय, इथं ठेवू का, आणि माझ्या हातातला फोन पडला." ती हसायला लागली. "लाल ओळीचं पण कळलं मग. तुला नाय सांगितलं. म्हटलं बिचारी अजून वेळ येईल म्हणून बसली असंल."

"बिचारी कुणाला म्हणतेस गो भवाने!"

आम्ही किती हसलो ते विचारू नका. मग मी म्हटलं, आता नीट सांग, तुझ्या तोंडून ऐकायचंय, काय म्हणते म्हातारी. रुबीनाने परत वाचलं आणि आपल्या भाषेत सांगितलं, सावकाश:

"म्हणते, जड झालं असंल तर राहूदे हितं. तुझंच हाय. परत आलीस की ने."

मी म्यूट केलं स्वतःला. खरंच केलं. कारण इंग्लिशमध्ये वाचलं तेव्हा ती फक्त सूचना होती, बटण कुठलं दाबा सांगणारी. रुबीनाच्या तोंडून आली तर तिथे आई उभी होती, कपाट उघडून, हातात माझी रॅकेट घेऊन.

मग आम्ही दर शनिवारी दुपारी बसायला लागलो. मी खेळणार, ती वाचणार. आता तिला सगळं समजतं, तरी आधी जुना अर्थ सांगते, मग खरा. कड्याखालचा तो गाइड खरं तर रुपाला पुढे जाऊ नको म्हणून विनवत होता, बिचारा. गेल्या शनिवारी दारापाशी पोचलो. झोळी हलकी. रुपा वाकला, चावी उचलली. लाल ओळ नाय. काहीच नाय. इतकं सोपं होतं!

मी दाराला चावी लावणार तेवढ्यात रुबीना ओरडली, "थांब गो! असाच जाणार काय हा?"

"मग?"

"म्हातारीला न भेटता?"

झालं. अख्खा डोंगर उतरून परत, पायपांच्या जंगलातून, बाजारातून, वेशीपर्यंत. मी वाटभर कुरकुरले. म्हातारीने हात वर केला, बोलली. लाकडी तलवार, अब्बांच्या दिवसासारखंच परत सापडलेलं शिंग, सगळं तिच्याकडे नीट होतं. बघितलं आणि तिथेच ठेवलं. मग परत अख्खा डोंगर चढून दार उघडलं, दोघींनी बरोबर. पलीकडे एक रस्ता होता आणि त्यावरून गेम बनवणाऱ्यांची नावं सरकत गेली, म्हणजे गेम संपला. रुबीना म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. आणि आम्हाला दोघींना फारसं वाईट वाटलं नाय.

कॉल संपल्यावर मी घरी फोन लावला. आईला विचारलं, माझी गोधडी कुठाय? म्हणाली आजच उन्हात घातली होती. रॅकेट? दाराच्या मागं. डबा? त्यात सध्या तांदूळ भरलेत, तू आलीस की रिकामा करते. मला इतकं बरं वाटलं ते मी इथे कुणाला समजावू शकत नाय. हाऊसमेटला सांगितलं तर ती म्हणाली कुरिअर का नाही मागवत? अगं, मागवायचं नाय ते! तिथेच असू दे. ते तिथे आहे म्हणून तर मी इथे हलकी हलकी फिरतेय, शिफ्ट करतेय, नदीची पातळी बघतेय. घर कुठे असं मला कुणी विचारलं तर आता मी पत्ता नाय सांगणार. जिथे माझं ओझं माझ्या नावाने कुणीतरी उन्हात घालतंय ते.

रुबीनाची आणि माझी सुट्टी या वेळी एकाच वेळेला जमलीय. सीडी रुमालात बांधून आणतेय, वरची फळी रिकामी ठेवा.

आई, मच्छीवाल्या काकूंना काट्याचं सांगून ठेव, जाताना लागेल. अम्मी, बाबांनी बाहेर कितीपण हॉर्न मारू देत, या वेळी जेवूनच जाणार.